शनिवारचा विश्वास कसा जपावा

मंगळवार, गुरुवार, शनिवार. दोन वर्षं सात महिने आमच्या घरात हे तीनच वार होते. सकाळी साडेसहाला रिक्षा, सातला मशीन सुरू, अकराला सुया काढून पट्टी, बाराच्या आत घरी. साखरेनं यांच्या दोन्ही किडन्या घालवल्या होत्या. 2019 च्या जुलैत पहिलं डायलिसिस झालं आणि 8 फेब्रुवारी 2022 ला, मंगळवारीच, हे प्रभूकडे गेले.

मी नगरची. शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाच्या घरी मोठं आजारपण आलं की बायका मला गाठतात आणि विचारतात, "बाई, तुम्ही विश्वास कसा टिकवलात?" उपासना सुटल्यावर चपला घालता घालता मी काहीतरी अर्धवट सांगते आणि घरी आल्यावर चुटपुट लागते. म्हणून एकदा बसून सगळं लिहिते आहे. जे मी करून पाहिलं तेवढंच इथे आहे. जे चुकलं तेही आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकते, कारण त्यानं माझे पहिले चार महिने खाल्ले. विश्वास म्हणजे आतून वाटणारी उभारी, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. सभेत गाताना अंगावर काटा येतो, डोळे भरतात, तोच विश्वास. दवाखान्याच्या बाकड्यावर ती उभारी येईना. मग मला वाटू लागलं की आपला विश्वास गेला, आणि नवऱ्याच्या आजारावर हे आणखी एक ओझं बसलं. तुम्हालाही तसं वाटत असेल तर त्या वाटण्याच्या मागे लागू नका. ते येईल तेव्हा येईल. तुमच्या हातात जे आहे ते करा.

पहिल्या महिन्यात: जेवा आणि झोपा

निदान झालं त्या आठवड्यात मी तीन दिवसांचा उपास धरला. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मला घेरी आली. वॉर्डातल्या मावशींनी मला पायरीवर बसवलं, स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी दिली आणि मी ती खाईपर्यंत हलल्या नाहीत. त्या ख्रिस्ती नव्हत्या. देवाने त्या दिवशी त्यांनाच पाठवलं, असं मी आजही मानते.

बायबलमधल्या "पहिले राजे" या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढून वाचा. एलीया संदेष्टा जीव मुठीत धरून पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला लगेच उपदेश केला नाही, त्याच्या विश्वासाची परीक्षाही घेतली नाही. दूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं, कारण पुढचा प्रवास त्याला झेपण्यासारखा नव्हता. देवाशी बोलणं झालं ते नंतर, होरेब डोंगरावर.

तेव्हा पहिल्या महिन्यात नवस बोलू नका, लांबलचक उपास धरू नका, पहाटे चारला उठून प्रार्थना करायचा नवा नेम लावून घेऊ नका. आजाऱ्याचं पथ्य सांभाळताना आपलं जेवण चुकतं, ते आधी सावरा. आमच्याकडे यांचं पाणी दिवसाला लिटरच्या आत होतं. नारळपाणी बंद, केळं बंद, भाज्या चिरून, पाण्यात उकळून, ते पाणी फेकून द्यायचं. या सगळ्यात माझ्या ताटात काय पडतं याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं. दुपारी वीस मिनिटं पडायची सोय करा. ही प्रार्थनेची तयारीच आहे.

प्रार्थना एखाद्या न चुकणाऱ्या कामाला बांधा

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हे. मोकळा वेळ मिळेल तेव्हा प्रार्थना करू म्हटलं तर आजारपणात मोकळा वेळ मिळतच नाही, आणि मिळालाच तर डोकं थकलेलं असतं.

डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात. तो नीट चालू आहे की नाही हे रोज हात लावून बघावं लागतं. बोटांखाली सूक्ष्म थरथर लागते, मांजर घुरघुरताना पाठीवर हात ठेवावा तशी. थरथर थांबली तर ताबडतोब डॉक्टरांकडे जायचं. हे काम चुकवणं शक्यच नव्हतं. म्हणून मी ठरवलं की रोज सकाळी यांच्या डाव्या हातावर बोटं ठेवायची आणि ती तिथे असतानाच प्रभूची प्रार्थना म्हणायची. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" पासून "आमेन" पर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. कधी हे सोबत म्हणायचे, कधी नुसते डोळे मिटायचे. एखाद्या दिवशी चिडून म्हणायचे, "आटप लवकर." तरी म्हटली.

"आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" ही ओळ मी पन्नास वर्षं म्हणत आले होते. तिच्यातल्या "आज" या शब्दावर माझं मन पहिल्यांदा थांबलं ते तिथे, बोटांखाली थरथर लागत असताना.

तुमच्या घरचं काम वेगळं असेल. इन्सुलिनची सुई असेल, कूस बदलणं असेल, कर्जाच्या हप्त्याचा दिवस असेल, कोर्टाची तारीख असेल. त्याच कामाला एक छोटी, पाठ असलेली प्रार्थना बांधून टाका. स्वतःचे शब्द शोधत बसू नका. पाठ असलेली प्रार्थना कोरडी असते असं काही लोक म्हणतात. ज्या दिवशी आपल्याकडे एकही शब्द उरत नाही, त्या दिवशी तीच आपल्याला धरून ठेवते.

आणि वाचनाचं म्हणाल तर मार्काचं शुभवर्तमान घ्या. ते सगळ्यात छोटं, सोळा अध्यायांचं. एका डायलिसिसला एक अध्याय असं धरलं तर साडेपाच आठवड्यांत संपतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. चार तासांत एकच अध्याय, बाकी वेळ लसूण सोलणं नाहीतर डोळे मिटून बसणं. जास्त वाचायचा हट्ट नको.

तक्रार करा, पण त्याच्याचकडे करा

आपल्या घरांत एक शिस्त असते: देवाला नावं ठेवायची नाहीत. माझी आई तर पाऊस पडला नाही तरी "प्रभूची इच्छा" म्हणून पुढे जायची. मी तेच शिकले. त्यामुळे यांचं पहिलं वर्ष सरताना माझ्या मनात राग साचला, आणि तो देवाकडे न्यायचा नाही म्हटल्यावर तो नर्सवर, मुलावर, रिक्षावाल्यावर निघू लागला.

मग स्तोत्रसंहिता नीट उघडून पाहिली. 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली जवळपास एक तृतीयांश रडगाणी आहेत. रडगाणी हा शब्द मी आदरानं वापरते. तेरावं स्तोत्र सुरूच होतं ते "किती वेळ मला विसरणार?" या प्रश्नानं. बेचाळिसाव्यात माणूस म्हणतो की रात्रंदिवस माझे अश्रूच माझं अन्न झाले आहेत. सत्त्याहत्तराव्यात तो उघड विचारतो की देव कृपा करायचं विसरला काय. आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी आभार नाहीत, स्तुती नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ प्रभू येशूनं वधस्तंभावर म्हटली, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन आपण सात उद्गार ऐकतो, त्यांतला हा चौथा. जो प्रश्न पुत्रानं विचारला तो मी विचारला तर पाप कसं होईल?

तर एक दोनशे पानी वही घ्या आणि आपलं स्तोत्र लिहा. स्तोत्रांची जी घडण आहे तीच वापरा. आधी हाक, मग तक्रार, मग मागणी, आणि शेवटी जमलं तर भरवशाची एक ओळ. तक्रार नेमकी हवी. "प्रभू, मी दुःखी आहे" असं लिहून काही हलत नाही. माझ्या वहीतलं एक पान देते:

"प्रभू येशू, ऐक. दोन दिवसांत यांचं वजन साडेतीन किलो वाढलं. मी पाणी मोजून दिलं होतं. यांनी चोरून प्यायलं आणि मला खोटं सांगितलं, आणि मी ओरडले, आणि हे लहान मुलासारखे रडले. छत्तीस वर्षांचा संसार करून मी माणसाला पाण्यासाठी रडवलं. तू विहिरीजवळ बाईकडे पाणी मागितलंस ना, तुला तहान माहीत आहे. मग यांची तहान का घालवत नाहीस? निदान आजची रात्र जाऊ दे."

यात भरवशाची ओळ नाही. त्या दिवशी ती खरी नव्हती म्हणून लिहिली नाही. खोटी ओळ लिहू नका, अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रातही नाही. पण वहीचं तोंड मात्र त्याच्याकडेच असू द्या. "देव असा का" असं नाही, "तू असं का" असं लिहा. मराठीत हा फरक एका शब्दाचा आहे आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे. जोवर आपण "तू" म्हणतो तोवर बोलणं तुटलेलं नसतं.

लोक बोलतील त्याचं काय करायचं

लोक येतात. प्रेमानं येतात आणि तरी असं बोलून जातात की ते आठवडाभर टोचत राहतं. आमच्याकडे आलेली वाक्यं: "घरात काही कबूल न केलेलं पाप असेल तर बघा." "विश्वास कमी पडतोय, बाई." "देव आपल्या लाडक्यांनाच परीक्षेत घालतो." शेवटचं ऐकून हे म्हणाले होते, "मग त्याला सांगा, थोडं कमी लाड कर."

दुःखात बुडालेल्या ईयोबाच्या तीन मित्रांची गोष्ट बघा. ते आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. शेवटी परमेश्वर त्या मित्रांवर रागावला आणि म्हणाला की माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. म्हणजे तक्रार करणारा बरोबर ठरला आणि देवाची बाजू घेणारे चुकले. आणि योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल विचारलंच होतं ना, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? प्रभूनं दोन्ही नाकारलं.

वाद घालायची ताकद आपल्यात नसते. म्हणून एक वाक्य आधीच तयार ठेवा. माझं असं होतं: "तुम्ही आलात, बरं वाटलं. आता एक गीत म्हणू या." गीत सुरू झालं की उपदेश थांबतो, हे मी अनुभवानं सांगते.

दुसरं, जे लोक विचारतात "काही लागलं तर सांगा", त्यांना खरंच सांगा. आपण सांगत नाही, संकोच करतो. मी वर्षभर "प्रार्थना करा" एवढंच म्हणत होते. मग महिला मंडळाच्या सेक्रेटरींनी स्वतःच कागद काढला आणि वार लिहिले. मंगळवारी एकीनं डबा आणायचा, गुरुवारी एकीनं माझ्या जागी बाकड्यावर बसायचं म्हणजे मी घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेईन, शनिवारी कुणाच्या तरी मुलानं औषधं आणायची. डायलिसिस महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून व्हायचं, पण रिक्षा, तपासण्या, वरची इंजेक्शनं यांना पैसे लागायचेच. पाळकसाहेबांनी ते न विचारताच ओळखलं. त्या काळात माझं अर्पणाचं पाकीट रिकामं जायचं आणि मला फार लाज वाटायची. तुमच्यावर ती वेळ आली तर लाजू नका. मंडळीला घ्यायचं कळतं तसं द्यायचंही कळलं पाहिजे, आणि कुणीतरी घेणारा असल्याशिवाय ते कळत नाही.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उसकटलं आणि खाली सोडलं. तिथे लिहिलं आहे की येशूनं "त्यांचा" विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाचं नाव घेऊन वेगळं काही म्हटलेलं नाही. मी गुरुवारी न्हाऊन परत येताना मनात हेच म्हणायचे: आजचा दिवस माझी बाज त्यांनी धरली आहे.

औषध सोडू नका

हा भाग लिहायला जड जातं. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही दुसऱ्या गावी एका उपवास-प्रार्थनेला गेलो. तिथल्या सेवकानं यांच्या डोक्यावर हात ठेवला, तेल लावलं आणि सांगितलं की तू बरा झालास, आता मशीन म्हणजे अविश्वास आहे. यांना ते हवंच होतं. चार तास सुयांखाली पडून राहणाऱ्या कुठल्या माणसाला नको असतं? आणि मीही हो म्हटलं. यांना एकट्यांना दोष देता येणार नाही. आम्ही गुरुवार चुकवला, शनिवारही चुकवला. रविवारी रात्री यांना आडवं होता येईना. उशाशी तीन उश्या लावल्या तरी धाप लागे. पाणी फुफ्फुसात गेलं होतं. रात्री दोनला तातडीनं डायलिसिस करावं लागलं, आणि डॉक्टर म्हणाले की सकाळची वाट पाहिली असती तर सकाळ झाली नसती.

त्यानंतर यांनी आठवडाभर शास्त्र उघडलं नाही. शरीराला झाली त्याहून मोठी जखम ती होती. "मी बरा झालो नाही म्हणजे माझा विश्वास खोटा" असं यांच्या मनात बसलं, आणि ते काढायला मला महिने लागले.

तर हे ठामपणे सांगते. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, मंडळीच्या वडिलांना बोलवा, तेल लावा. याकोबाच्या पत्रात ते सांगितलं आहे. पण कुणीही, कितीही मोठ्या स्टेजवरून, औषध किंवा उपचार सोडायला सांगितलं तर तिथून उठा. हिज्कीया राजासाठी यशयानं देवाचा शब्द आणला आणि सोबत गळवावर अंजिरांचा लेपही लावायला सांगितला. लूकाला पौल "प्रिय वैद्य" म्हणतो. तीमथ्याच्या पोटासाठी पौल औषधासारखा थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आणि स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्यानं तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. उत्तर मिळालं ते "माझी कृपा तुला पुरे आहे" हे. पौलाचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणेल का?

मधला दिवस

2020 साली 25 मार्चपासून लॉकडाऊन लागला. मंदिर बंद, पण मशीन बंद ठेवता येत नाही. पास काढून, तोंड बांधून, ओस रस्त्यांवरून आम्ही जायचो. 10 एप्रिलला उत्तम शुक्रवार होता. आयुष्यात पहिल्यांदा सात उद्गारांची उपासना नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे आमचा वार. मला आत बसू देत नव्हते, म्हणून मी आवारातल्या लिंबाखाली बसले होते.

मांडीवर लूकाचं शुभवर्तमान होतं. तेविसाव्या अध्यायाची शेवटची ओळ मी कितीदा वाचली असेन, पण कधी दिसली नव्हती. गालीलाहून आलेल्या बायकांनी येशूची कबर पाहिली, प्रेत कसं ठेवलं ते पाहिलं, परत जाऊन सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ दिवशी, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, आज्ञेप्रमाणे स्वस्थ राहिल्या. त्या शनिवारबद्दल एवढंच लिहिलं आहे. रविवारी काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक असतं म्हणून आपण तो दिवस घाईनं ओलांडतो. त्यांच्यासाठी ती एक साधी, भयाण सुट्टी होती. तरी त्यांनी दोन गोष्टी केल्या. हातांना जे काम माहीत होतं ते उरकलं, आणि शब्बाथ पाळला. त्यांना काय वाटत होतं याबद्दल एक शब्द नाही.

मला तिथे सुटल्यासारखं झालं. शुक्रवारचं दुःख मोठं असतं, पण त्याला लोक जमतात. रविवारचा आनंद गाता येतो. आमचं आयुष्य शनिवारात अडकलं होतं, आणि शनिवारीही विश्वासणाऱ्यांना एक काम दिलेलं आहे. मसाला वाटायचा. दिवस पाळायचा.

तुम्ही कुठल्याही मधल्या दिवसात असाल, निकाल लागलेला नाही, माणूस बरं होत नाही आणि जातही नाही, तर हा अध्याय शेवटपर्यंत वाचून पान तिथेच मिटा. चोविसावा लगेच वाचू नका. एक दिवस त्या बायकांसोबत बसा.

फिस्टुला एकदा बंद पडला तेव्हा आम्हाला पुण्याला जावं लागलं. नगरहून गाडी दौंडला जाते आणि तिथून पुण्याकडे वळल्यावर केडगाव लागतं. आपलं नगरशेजारचं केडगाव नव्हे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. गाडी तिथे दोन मिनिटं थांबली आणि मी यांना रमाबाईंची गोष्ट सांगितली, कारण यांना इतकंच माहीत होतं की त्या फार विद्वान होत्या. आई, वडील आणि बहीण दुष्काळात गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि 1882 मध्ये नवरा पटकीनं गेला. पदरात तान्ही मनोरमा. ती मुलगी मोठी होऊन मुक्तीचं काम सांभाळू लागली, आणि 1921 च्या जुलैत तीही गेली. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला वारल्या. मधल्या आठ-नऊ महिन्यांत त्या मूळ इब्री (हिब्रू) आणि ग्रीकवरून करत आणलेल्या मराठी बायबलच्या कामाला बसत राहिल्या. ते पूर्ण छापून निघालं 1924 मध्ये, त्यांच्या पाठीमागे. यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे पोरगी गेल्यावरही बाई टेबलाशी बसली." गाडी हलली. मेकॅनिकला ते पटलं होतं. गाडी दुरुस्त होवो न होवो, पाना हातात घेऊन बसायचं असतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

माणूस गेल्यावर

पहिले दहा दिवस घर भरलेलं असतं. नंतरचं सांगते.

मंदिरात परत जायला मला तीन रविवार लागले. आमच्या नेहमीच्या बाकावर बसवेना, म्हणून दाराजवळ शेवटच्या बाकावर बसले. तुम्हीही तसंच करा. शेवटचं गीत सुरू झालं की निघून जा, कुणाशी बोलायला थांबू नका. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा म्हणजे ते रागावत नाहीत. मला सहा-सात आठवडे गाता आलं नाही. गीतपुस्तक उघडून नुसती उभी राहायचे आणि शेजारची बाई गायची ते ऐकायचे. प्रभुभोजनाला मात्र पहिल्या दिवसापासून गेले. तिथे काही बोलावं लागत नाही, हात पुढे करावा लागतो. यांची एक आठवण तिथे दर वेळी येते. आजारात हे पेल्यातला तो घोटभर द्राक्षरसही दिवसाच्या पाण्यात मोजायचे आणि घरी येऊन मला सांगायचे, "तेवढं कमी दे आज."

मुलांवर जबरदस्ती करू नका. माझा मुलगा अंत्यविधीनंतर म्हणाला, "आई, मला यापुढे चर्चला चल म्हणू नकोस." मी शिक्षिका, समजावणं हा माझा धंदा. पण गप्प राहिले. त्याच्या नावानं वहीत रोज एक ओळ लिहिते, त्याला दाखवत नाही. लाजराच्या बहिणीनं प्रभूला तोंडावर सांगितलं की आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. प्रभूनं तिला दटावलं नाही, तो रडला. माझ्या मुलाचा रागही तसाच आहे, फक्त त्याला तो कुणाला सांगावा हे अजून कळत नाही.

आणि एक. दुःख वेगळं आणि आजार वेगळा. महिनोन्महिने झोप नाही, अन्न नको, आपणही संपावं असं मनात येतं, असं झालं तर ते प्रार्थनेच्या कमतरतेनं झालेलं नसतं. डॉक्टरांना दाखवा. सरकारचा टेलि-मानस हा मोफत फोन आहे, 14416, तिथे मराठीतही बोलता येतं. मला मे ते ऑगस्ट गोळ्या घ्याव्या लागल्या. त्या मी प्रार्थना करूनच घ्यायचे, जेवणाआधी करतो तशी.

17 एप्रिल 2022 ला पुनरुत्थानदिन होता, यांना जाऊन दहा आठवडे झालेले. आमची मंडळी पहाटे कबरस्तानात जमते. मुलानं मोटरसायकल काढली, मला सोडलं आणि फाटकाबाहेर थांबला. अंधार होता. मी आत निघाले तर मागून त्याच्या मोबाईलचा उजेड माझ्या पायाशी पडला. फाटकाबाहेर उभा राहूनच तो मला वाट दाखवत होता. मी मागे वळून पाहिलं नाही, काही म्हटलंही नाही. कबरीपाशी पोचेपर्यंत उजेड होता.

पिशवी

आता मी गुरुवारी सकाळी त्याच बाकड्यावर जाऊन बसते. आमच्या मंडळीतल्या एका बाईंच्या मुलाचं डायलिसिस असतं, त्या न्हाऊन येतात तोवर. कुणी विचारलं की सोबत काय न्यावं, तर माझ्या पिशवीत हे असतं: मोठ्या अक्षरांचा नवा करार स्तोत्रांसह, कारण तिथला उजेड कमी. दोनशे पानी वही आणि दोन पेनं, एक हमखास बंद पडतं. शाल, कारण मशीनच्या खोलीतून थंडी बाहेर येते. फोनचा चार्जर. घडीची छत्री. गूळ-शेंगदाणे. सोलायला लसूण. आणि थर्मासात चहा, दोन कपांसह. पहिल्यांदाच आलेली बाई लगेच ओळखू येते, ती बाकड्याच्या कडेला टेकलेली असते आणि फाईल छातीशी धरलेली असते. तिला आधी चहा द्यायचा. नाव, गाव, कोण आजारी हे नंतर.